जागी भिंत बांधणाऱ्या सुरेखाताई

सुरेखाताई वायाळ यांच्याकडे मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्या ऑफिसात नव्हत्या. जालन्यात बियाण्यांच्या एका दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. तेव्हाही तिथंच होतं. खालचे दुकानदार म्हणाले, “ताई प्लॉटवर बसल्यात. जा, दिसतील.” बसल्यात म्हणजे काय, ते तिथं गेल्यावर कळलं. एका मोकळ्या जागेत, शेजारच्या गोदामाच्या सावलीत, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोक्यावर रुमाल, मांडीवर जेवणाचा डबा. त्या जागेवर एक दवाखाना व्हायचा होता आणि ताई सकाळपासून तिथं नुसत्या बसून होत्या.

“आर्किटेक्ट का?” त्यांनी विचारलं.

“हो मॅडम.”

“मॅडम नको, ताई म्हण. ती दुसरी खुर्ची घे. ऊन पायावर आलं की सरकायचं, आणि जिथून सरकलीस तिथं दगड ठेवायचा.”

माझ्या हातात प्रमाणपत्रांची फाइल होती. ती त्यांनी उघडली नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी सरकत राहिलो. उठलो तेव्हा जमिनीवर दगडांची एक वाकडी रांग तयार झाली होती. तिच्याकडे बघत ताई म्हणाल्या, “ही रांग म्हणजे आपल्या दवाखान्याचा व्हरांडा. झाला तुझा इंटरव्ह्यू. उद्यापासून ये.”

ताईंच्या साठीनिमित्त त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी हा ग्रंथ काढायचं ठरवलं तेव्हा त्या वैतागल्या. “गौरवग्रंथ कशाला? मी काय रिटायर होऊन राह्यले का?” असं त्यांनी विचारलं. शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. इमारतींविषयी लिहा, माझ्याविषयी लिहू नका. ही अट पाळणं अवघड आहे. त्यांच्या इमारतींविषयी लिहायला बसलं की त्याच समोर येतात.

ताई वाटूरच्या शेतकरी घरातल्या. आर्किटेक्चरची पदवी घेऊन त्या काही वर्षं पुण्यात एका मोठ्या ऑफिसात होत्या. तिथून परत का आलात, असं त्यांना पुष्कळ जण विचारतात. “पुण्यात गारवा फुकट मिळतो, तिथं माझी काय गरज?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सुरुवातीला जालन्यातले लोक त्यांच्याकडे स्वयंपाकघर कोणत्या दिशेला असावं, तिजोरी कुठं ठेवावी हे विचारायला येत. ताई त्यांना चहा पाजत आणि सांगत, “ऊन कुठून येतं ते सांगते. लक्ष्मी कुठून येते ते मला न्हाई माहीत. कळलं तर आधी माझ्याच घराचं दार फिरवीन.”

ज्या कामासाठी आज त्यांच्याकडे दूरदूरचे विद्यार्थी येतात, ते त्यांनी पन्नाशीच्या आसपास शिकायला घेतलं. दुपारी जेवण झालं की त्या कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर डोळे बारीक करून बसत. ऑफिसातल्या सगळ्यांना वाटे, ताई कीर्तन ऐकतात. एकदा मी मागून जाऊन पाहिलं, तर पडद्यावर एक परदेशी मुलगा भराभर इंग्रजी बोलत होता आणि ताई त्याला थांबवून, मागे नेऊन, पुन्हा ऐकत होत्या. त्याला नाव आहे पॅरामेट्रिक डिझाइन. मराठीत प्राचलाधारित रचना म्हणतात; ताईंना तो शब्द फारसा आवडत नाही. त्या ब्लाउजचं उदाहरण देतात. शिंप्याकडे बेतण्याची रीत एकच असते. छातीचं माप अर्ध्या इंचानं बदललं की मुंढा, गळा, बाही सगळं आपोआप बदलतं. इमारतीचंही तसंच करायचं. आकार हातानं काढायचा नाही. मापं कोणती आणि त्यांनी एकमेकांना कसं हलवायचं, हे ठरवायचं. उन्हाचा कोन हे एक माप, वाऱ्याची दिशा हे दुसरं. माप बदललं की भिंतीवरची प्रत्येक पाती आपली जागा आपण शोधते.

त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे बांधून झाल्यावरही हलणारी भिंत. उन्हाला, हवेला स्वतः प्रतिसाद देणारी. ताई तिला जागी भिंत म्हणतात. त्यासाठी मोटारी आणि विजेवर चालणारी यंत्रं वापरतात, हे त्यांना माहीत होतं. “आपल्याकडं लाईट गेली की भिंत झोपली. असली भिंत काय कामाची?” असं म्हणून त्यांनी घरची जुनी इस्त्री उघडली. इस्त्री तापली की आत टक् असा आवाज होतो. तो करणारी पट्टी दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली असते. एक धातू उष्णतेनं जास्त वाढतो, दुसरा कमी. म्हणून पट्टी वाकते. अशी एकेक पट्टी प्रत्येक पातीमागे लावली, तर तापल्यावर पाती मिटेल आणि निवल्यावर उघडेल. वीज नको, बटण नको.

कॉम्प्युटरवर जमलं तरी ताईंचं समाधान होत नसे. प्रत्येक रचना त्या आधी जुन्या लग्नपत्रिका कापून उभी करतात. पत्रिकेचा कागद जाड असतो, घडीवर मोडत नाही, आणि जालन्यात पत्रिकांना तोटा नाही. आमच्या कपाटात अशी कितीतरी मॉडेलं आहेत. एका शाळेच्या पश्चिम बाजूवर ‘चि. सौ. कां.’ एवढंच वाचता येतं, तर एका पाण्याच्या टाकीला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असा आग्रह गोल फिरलेला आहे. नवं कुणी ऑफिसात आलं की ताई सांगतात, “घरात लग्न असलं तर पत्रिका जास्त छाप. निम्म्या मला लागतात.”

माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं. राजीनामा कसा सांगावा या विचारात मी ऑफिसात आले, तर ताई स्टुलावर चढून छताच्या कडीला हिसके देत होत्या. त्या कडीला त्यांनी आधी सिमेंटची पिशवी टांगून पाहिली होती. “पन्नास किलो पेललं हिनं. तुझी पोरगी एवढी न्हाई ना?” असं म्हणून त्यांनी आपली जुनी सुती साडी पुढे केली. त्या झोळीत माझी मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत झोपली. ताई एका हातानं माउस हलवत आणि दुसऱ्या हातानं झोळीची दोरी. माझ्याकडून आभाराचा एक शब्द कधी निघाला नाही. त्या वयात आपल्याला वाटतं, हे असंच असतं. आता माझ्या हाताखाली मुली काम करतात तेव्हा कळतं, असं नसतं. कुणीतरी स्टुलावर चढावं लागतं.

पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते कुंभार पिंपळगावच्या अभ्यासिकेविषयी. ताईंनी खरोखर बांधलेली पहिली जागी भिंत ती. तोपर्यंत त्यांच्या भिंती पडद्यावर आणि पत्रिकांमध्येच होत्या. जिल्ह्यात जो तो म्हणे, छान आहे, पण आधी दुसरीकडे होऊ द्या. पिंपळगावात एका मंडळाला मुलींसाठी अभ्यासिका बांधायची होती. जागा रस्त्याला लागून, आणि रस्ता पश्चिमेला. मंडळाचे अध्यक्ष आबा, सत्तरी ओलांडलेले बागायतदार. त्यांनी लग्नपत्रिकेचं मॉडेल हातात घेतलं, दिव्याखाली धरलं, फुंकर मारून पात्या हलवून पाहिल्या आणि म्हणाले, “करा. आमच्या पोरींना बिलकुल ऊन लागाया न्हाई पाहिजे.”

भिंत उभी राहिली. पश्चिमेकडे उभ्या, अरुंद, ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या रांगाच रांगा. उन्हाळ्यातल्या एका दुपारी आम्ही सगळं ऑफिस ती पाहायला रस्त्यावर उभे होतो. ऊन कललं तशी एकेक पाती वळू लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंत हळूहळू मिटत गेली आणि शेवटी तिच्यात एकही फट उरली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंचे डोळे भरून आले होते. आतलं तापमान पाहिलं. बाहेरच्यापेक्षा चांगलंच कमी होतं. आम्ही पेढे वाटून जालन्याला परतलो.

महिन्याभरात अभ्यासिका रिकामी होऊ लागली. आधी बारावीच्या मुली यायच्या बंद झाल्या, मग स्पर्धा परीक्षावाल्या. आबांचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला, म्हणून आम्हालाही ऐकू आला.

“ताई, तुमची भिंत पोरींना गिळून राह्यली.”

“म्हणजे काय आबा?”

“म्हणजे पोरी येत न्हाईत. लोक तुरुंग म्हणून राह्यले. मंडळाचं ठरलंय, भिंत काढायची अन् सरकत्या काचा बसवायच्या. कॉलेज सुरू व्हायच्या आत.”

“आबा, काचा बसवल्या तर आत भट्टी होईल.”

“भट्टी झाली तर पंखे लावू. पण पोरी तर येतील!”

फोन ठेवून ताई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, “वंदे, ही निघाली तर माझ्या हातून दुसरी होणार न्हाई. पहिलीच काढून टाकावी लागली म्हटल्यावर दुसरी कोण बांधू देईल?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

पुढचे काही दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो. ताईंना वाटलं, धातू संध्याकाळी उशिरा निवतो, पात्या उशिरा उघडतात, म्हणून आत कोंडत असेल. आम्ही पट्ट्या तपासल्या, खिळे सैल केले, वरच्या रांगा लवकर उघडतील असं केलं. हवा खेळू लागली. मुली आल्या नाहीत. आबा येऊन बघून जात आणि नुसतं “बराबर” म्हणत. तो होकार नव्हता, हे आम्हाला कळत होतं.

मग एक दिवस ताईंनी आपली खुर्ची उचलली आणि अभ्यासिकेत न बसता रस्त्यापलीकडे, दक्षिणेच्या अंगाला असलेल्या पिठाच्या गिरणीपुढे नेऊन ठेवली. संध्याकाळी तिथं बायकांची गर्दी असते. दळण होईपर्यंत त्या ओट्यावर बसतात. आम्हीही बसलो. गयाबाई म्हणून एक होत्या. त्यांची मुलगी बारावीला. ताईंनी त्यांना सरळ विचारलं, “मुलीला का पाठवत न्हाई हो?”

“कसं पाठवू? आधी हितं तात्पुरता पत्र्याचा वर्ग होता, तवा मी दळण घेऊन आले की हितूनच दिसायची. मान खाली घालून वाचून राह्यली, म्हंजे जिवाला बरं. आता चार वाजले की भिंत मिटती. आत पोरगी हाय का न्हाई, मला काय कळतंय? तिचा बाप इचारतो, बघितलीस का? काय सांगू, भिंत बघितली म्हणून?”

बाकीच्या बायका हसल्या. ताईही हसल्या, पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. ज्या क्षणी आम्ही टाळ्या वाजवत होतो, त्याच क्षणी या ओट्यावरच्या बायकांना आपल्या मुली दिसेनाशा झाल्या होत्या. फट उरली नाही हेच आमचं यश होतं. मापांमध्ये ऊन होतं, वारा होता, शेजारच्या लिंबाची सावलीसुद्धा होती. आईची नजर नव्हती. आमच्या धंद्यातल्या माणसांकडूनच होईल अशी ही चूक.

“मंग खालच्या रांगा उघड्याच ठेवू,” मी परतताना म्हटलं. “सोपं आहे.”

“आधी पोरींना विचारू,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गयाबाईंच्या घरी त्यांची मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी भेटल्या. उघड्या भिंतीचं ऐकून तिघी एकदम बोलल्या. “न्हाई, न्हाई! मंग आम्हीच येणार न्हाई.” रस्त्यापलीकडे उत्तरेच्या अंगाला पानटपरी आहे, तिथं दिवसभर टोळकं असतं. पत्र्याच्या वर्गात असताना टपरीवरून सगळं दिसायचं. शिट्ट्या, नावं घेणं. “मॅडम, भिंत मिटली ना, तवा पहिल्यांदा मी पाय वर घेऊन बसले,” गयाबाईंची मुलगी म्हणाली. आईनं तिच्याकडे चमकून पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी निराश होते. आईला दिसायला हवं, मुलींना दिसायला नको. भिंत एक तर उघडी असेल नाही तर बंद. घनसावंगी गाव मागे पडलं. मग ताईंनी एकदम माझा दंड धरला.

“वंदे, गिरणी नैर्ऋत्येला ना?”

“हो.”

“आणि टपरी वायव्येला. उन्हाळ्यातलं कलतं ऊन कुठून येतं?”

“वायव्येकडूनच.”

“मंग! ऊन आणि टपरी एकाच बाजूला बसून राह्यलेत की!”

त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पर्समधून, अर्थातच, एक लग्नपत्रिका काढली. तिच्या पट्ट्या कापून बोटांमध्ये उभ्या धरल्या, जराशा तिरक्या. उजवीकडून, म्हणजे गिरणीच्या बाजूनं, पाहिलं तर पट्ट्यांमधून ताईंचा चेहरा दिसत होता. डावीकडून, टपरीच्या बाजूनं, पाहिलं तर नुसती भिंत. खालच्या रांगांतल्या पात्या पूर्ण मिटू द्यायच्या नाहीत, गिरणीच्या दिशेनं तिरक्या असतानाच अडवायच्या. टपरीकडून येणारी नजर आणि वायव्येचं ऊन, दोन्ही तिथंच अडकतील. हिवाळ्यात ऊन नैर्ऋत्येकडून येतं. ते आत आलं तर मुलींना हवंच असतं.

पण गिरणी जवळ आहे आणि भिंत लांबलचक. एका टोकाच्या पातीला लागणारा तिरकेपणा दुसऱ्या टोकाला चालत नाही. प्रत्येक पातीचा कोन वेगळा हवा. हातानं काढायचं म्हटलं तर वर्ष गेलं असतं. ताईंनी त्या रात्री आपल्या रीतीत दोन नवी मापं घातली, गिरणीचा ओटा आणि पानटपरी, आणि सकाळी मी आले तेव्हा पडद्यावर सगळी भिंत एखाद्या माणसानं मान वळवावी तशी गिरणीकडे वळलेली होती. जालन्यातल्या एका वर्कशॉपात पात्यांना अडवणारे छोटे तुकडे कापून घेतले, प्रत्येकावर नंबर टाकला. बसवताना ताई स्वतः शिडीखाली बसून नंबर वाचून देत होत्या. गुडघे दुखत असतानाही उठल्या नाहीत.

काम झालं त्या संध्याकाळी आबा आले. येताना काचवाल्यालाच घेऊन आले होते. ताईंनी त्यांना आधी टपरीपुढे उभं केलं. टपरीवरची पोरं आबांना पाहून पांगली.

“काय दिसतं आबा?”

“भिंत. दुसरं काय?”

“आता चला गिरणीकडं.”

आबा काठी टेकत निघाले. रस्त्याच्या मधोमध आल्यावर ते थबकले. भिंत मिटलेली होती, आणि तरीही पात्यांमधून आतला दिवा दिसू लागला होता. आणखी थोडं पुढे गेल्यावर बाकं दिसली, बाकांवर मुली दिसल्या. गयाबाई ओट्यावर होत्या. पिठाचा डबा बाजूला ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “ती बघ माझी. दुसऱ्या रांगंत. पाय वर घेऊन बसली, बघ कशी.” त्यांनी हाक मारली नाही. मुलीला आपण दिसत आहोत हे माहीत होतं, कोणाला दिसत आहोत हेही माहीत होतं. तिनं मान वर केली नाही.

आबा पुन्हा टपरीकडे गेले आणि पुन्हा गिरणीकडे आले. त्यांचा बहुधा विश्वास बसत नव्हता. मग काचवाल्याला म्हणाले, “तू चहा पी अन् जा बाबा. इथं तुझं काम न्हाई.” ताईंकडे वळून एवढंच म्हणाले, “तुमची भिंत माणसं वळखून राह्यली, ताई.”

गाडीत बसल्यावर ताईंनी डबा उघडला आणि गार झालेली भाकरी खाल्ली. निम्मी मला दिली. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, पण त्यांना इतक्या चवीनं जेवताना कधी पाहिलं नव्हतं.

आज ती अभ्यासिका भरलेली असते. आबांनीच सांगून ताईंना केदारखेड्याचं काम मिळवून दिलं. तिथं बाळंतिणींच्या खोलीला जागी भिंत व्हायची आहे. ताई सध्या तिथल्या बायकांना विचारत फिरतात, की बाळंतपणात तुम्हाला कोण दिसायला हवं आणि कुणाला तुम्ही दिसायला नको. मापांची यादी वाढतेच आहे.

ताई, तुमची अट मी पाळली नाही, माफ करा. आणि तुमच्या साठीचा हिशेबही मला मान्य नाही. तुमचं खरं काम सुरू झालं ते पिंपळगावात. त्या हिशेबानं तुमचं काम आत्ता कुठं बालवाडीत जायच्या वयाचं आहे. ते शाळेत जावं, मोठं व्हावं, आपल्या पायावर उभं राहावं, आणि हे सगळं तुम्ही ठणठणीत तब्येतीनं बघावं. आईचं लक्ष असलं की लेकरू निर्धास्त वाढतं, हे आता आमच्या भिंतींनाही माहीत झालं आहे.